बोधचिन्हांचा जीर्णोद्धार

मी ज्या कॉलेजांत गेलीं अनेक वर्षें शिकवीत आहें, त्या कॉलेजाची मुद्रा बदलावयाची असें गेल्या वर्षीं ठरलें, आणि त्यासाठीं नेमलेल्या पांच जणांच्या समितींत माझाहि समावेश झाला. जुन्या मुद्रेंत एक वटवृक्ष होता व त्याच्या पारावर एक उघडें पुस्तक होतें. चित्र कोणा थोर कलावंताच्या हातचें नव्हतें; पारंब्या तर शाईचे ओघळ वाटाव्या अशा काढलेल्या होत्या. नव्या मुद्रेंत दोन हिरव्या वक्र रेषा आहेत. त्या रेषांबरोबर बारा पानांची एक सुबक पुस्तिका आमच्या हातीं देण्यांत आली. एक रेषा म्हणजे परंपरा, दुसरी म्हणजे प्रगति, आणि दोहोंमधील मोकळी जागा म्हणजे विद्यार्थ्याची अमर्याद शक्ति, असा उलगडा तींत केलेला होता. मीं पुस्तिका वाचली, मान डोलाविली आणि सही केली. घरीं येतांना मनांत कांहींतरी खुपत होतें. परंतु काय खुपतें तें सांगतां येत नव्हतें. प्रस्तुत लेख म्हणजे तें सांगण्याचा, थोडा उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

आमच्या कॉलेजानें केलें तें कांहीं जगावेगळें नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांनीं आपलीं बोधचिन्हें बदलण्याचा सपाटा लावला आहे, आणि त्यांतील कित्येक नवीं चिन्हें जुन्यांहून उणीं आहेत ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तक्रार करणें सोपें आहे. उणीं म्हणजे कशानें उणीं, हें सांगणें कठीण, आणि टीकेचें काम तेथूनच सुरू होतें. साहित्याच्या अध्यापकानें ह्या प्रांतांत शिरावें हा कोणास अधिक्षेप वाटेल. परंतु बोधचिन्ह हें नांवाप्रमाणेंच बोधासाठीं असतें. तें डोळ्यांना सुखवितें तें नंतर, आधीं अर्थ सांगतें. आणि जेथें अर्थ सांगण्याचा प्रश्न आला, तेथें आपल्या जुन्या आलंकारिकांना विचारावयास हरकत नाहीं.

मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त लक्षणेला दोन आधार सांगितले आहेत: रूढि आणि प्रयोजन. 'कुशल' ह्या शब्दाचा मूळ अर्थ दर्भ खुडणारा. पण स्वयंपाकांत कुशल, हिशेबांत कुशल असें म्हणतांना दर्भाची आठवण आज कोणासहि होत नाहीं. ही रूढि. उलट, गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असें म्हटलें, तर वस्ती पाण्यावर नसून कांठीं आहे हें उघड असतें. तरीहि 'गंगेवर' म्हणण्यानें तेथील शैत्य आणि पावित्र्य सुचवावयाचें असतें. हें प्रयोजन. बोधचिन्हहि ह्याच दोन पायांवर उभें असतें. एक तर वर्षानुवर्षें पाहून पाहून तें लोकांच्या नजरेंत रुजलेलें असतें, किंवा त्याच्या आकृतींतूनच, चित्रांत जेवढें दिसतें त्याहून अधिक असें कांहीं सूचित होतें. उत्तम चिन्हांत दोन्ही गोष्टी असतात. आतां, नव्या चिन्हाजवळ रूढि असूंच शकत नाहीं. ती काळानेंच मिळावयाची. म्हणून जो जुनें चिन्ह मोडतो, तो रूढीचें सारें भांडवल पहिल्याच दिवशीं खर्चीं टाकतो, आणि त्याच्या मोबदल्यांत जुन्याहून सरस प्रयोजन आणून दाखविण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. ती त्यानें पार पाडली कीं नाहीं, एवढेंच टीकाकारानें पाहावयाचें.

बव्हंशीं रूढीवरच उभ्या असलेल्या चिन्हाचें उदाहरण म्हणून 'गॅप' ह्या तयार कपडे विकणाऱ्या अमेरिकन कंपनीकडे पाहावें. गडद निळा चौकोन आणि त्यांत उंच, सडपातळ पांढरीं अक्षरें, एवढेंच तिचें चिन्ह होतें. त्या चौकोनांत फारसा गूढ अर्थ नव्हता हें कबूल. परंतु वीस वर्षांहून अधिक काळ तो दुकानांवर आणि पिशव्यांवर दिसत आल्यानें तो ओळखावयास अक्षरें वाचण्याचीहि गरज उरली नव्हती. २०१० च्या ऑक्टोबरांत कंपनीनें तो टाकला. पांढऱ्या जागेवर हेल्व्हेटिका वळणाचीं काळीं अक्षरें आलीं, आणि शेवटच्या अक्षराच्या खांद्याआड फिकट होत गेलेला एक लहानसा निळा चौकोन राहिला. हेल्व्हेटिका हा १९५७ सालीं स्वित्झर्लंडांत निघालेला ठसा स्वच्छ आणि निर्मळ आहे; पण इतक्या कंपन्यांनीं तो अंगावर घेतला आहे कीं, त्यानें एकीला दुसरीपासून वेगळें करणें आतां अवघड झालें आहे. आणि तो उरलेला चौकोन? जुना वाडा पाडून नवी इमारत बांधावी आणि वृंदावनाचा एक दगड जिन्याखालीं ठेवून द्यावा, त्यांतलाच तो प्रकार. लोकांनीं ओरड केली तेव्हां कंपनीनें प्रथम त्यांनाच नवीं चित्रें पाठविण्याचें आवाहन केलें, आणि सुमारें आठवड्याच्या आंतच जुनें चिन्ह परत आणलें. आपण कां बोललों हें ज्याला ठाऊक असतें, तो पहिल्याच हरकतीला 'मग तुम्हीच बोला' असें म्हणत नाहीं. रूढि गेली, प्रयोजन आलें नाहीं, आणि तें आलें नाहीं हें आणणारालाहि ठाऊक होतें.

दुसरें उदाहरण प्रयोजनाच्या नाशाचें आहे. 'ट्रॉपिकाना' हा संत्र्यांचा रस त्या वेळीं पेप्सिको कंपनीच्या मालकीचा होता. त्याच्या खोक्यावर एक संत्रें असे आणि त्या संत्र्यांतच रस ओढण्याची नळी खुपसलेली असे. असें संत्रें जगांत कोणीं प्यालेलें नाहीं. पण वाच्यार्थ असा अडखळला कीं मन पुढच्या अर्थाकडे धांवतें: फळ आणि पिणारा ह्यांच्यामध्यें दुसरें कांहीं नाहीं, हें तें चित्र न बोलतां सांगत असे. २००९ च्या जानेवारींत त्या जागीं रसानें भरलेला कांचेचा पेला आला आणि नांव उभें, आडव्या बाजूनें वाचावें लागेल असें छापलें गेलें. पेला हें सत्य आहे. पण तेवढेंच आहे. पेल्यांत कोणाचाहि रस असूं शकतो. दुकानाच्या फळीवर आपलें नेहमींचें खोकें गिऱ्हाइकांना चटकन सांपडेना. विक्री सुमारें २० टक्क्यांनीं घसरली आणि दोन महिन्यांच्या आंतच कंपनीनें नळीचें संत्रें परत आणण्याचें जाहीर केलें. अशक्य वाटणारें चित्र काढून शक्य चित्र बसविणें म्हणजे सुधारणा, हा समज ज्यानें काव्य गद्यांत लिहून पाहिलें आहे त्याला नवा नाहीं.

येथवरचे दोन्ही दाखले लोकमतानें निकालांत काढले. परंतु माझ्या मतें सर्वांत मोठी हानि जेथें झाली, तेथें माघार घेण्यांत आलेली नाहीं. 'युनायटेड पार्सल सर्व्हिस' ह्या टपालवाहू कंपनीचें चिन्ह १९६१ सालीं पॉल रँड ह्या विख्यात अमेरिकन चित्रकारानें काढलें. खालीं ढाल, ढालींत कंपनीचीं तीन आद्याक्षरें, आणि ढालीच्या माथ्यावर दोरीची गांठ मारलेलें एक पुडकें. ढाल ही सरदारी वस्तु. तिच्यांत दरारा आणि संरक्षणाचें वचन आहे. पुडकें ही घरगुती वस्तु. मावशीनें दिवाळीला पाठवावें तसें. ह्या दोहोंना एकत्र आणतांच दराऱ्याला हंसू फुटलें आणि हंसण्याला भारदस्तपणा आला. तुमची क्षुल्लक वस्तु आम्ही किल्ल्यासारखी राखूं, हें सांगावयास रँडला एकहि शब्द लागला नाहीं. २००३ सालीं पुडकें काढून टाकण्यांत आलें. ढालीवर उजेड पडल्याचा भास देणारी चकाकी आली, वरच्या बाजूला एक वक्र झळक आली. तपकिरी रंग राहिला. आतां ती ढाल राखते काय, हें मात्र चित्रांत कोठेंच नाहीं.

ह्या बदलाचें कारण असें देण्यांत आलें कीं, कंपनीचा धंदा आतां पुडकीं पोंचविण्यापुरता उरलेला नसून पुष्कळ विस्तारला आहे. हें कारण खरें आहे, आणि म्हणूनच तें तपासण्याजोगें आहे. 'कुशल' म्हणविणारा मनुष्य आज दर्भ खुडीत नाहीं, म्हणून आपण तो शब्द भाषेंतून काढून टाकीत नाहीं. चिन्हाचा वाच्यार्थ धंद्याच्या यादीशीं ताडून पाहणें म्हणजे त्याची भाषाच न कळणें होय. 'शेल' कंपनीचा शिंपला पाहा. ज्या सॅम्युएल घराण्यांतून ती निघाली, तें एके काळीं पूर्वेकडील शंखशिंपल्यांचा व्यापार करीत असे. कंपनी तेल विकते. तरी शिंपला गेला नाहीं. १९७१ सालीं रेमंड लोवी ह्यानें त्याच्या रेषा कमी केल्या, कडा ठळक केल्या, तांबडा व पिवळा रंग भरीव केला. पण तो शिंपलाच राहिला, किंबहुना पूर्वींपेक्षां अधिक शिंपला झाला. म्हणजे रेषा कमी करणें हा दोष नव्हे. काय कमी करावयाचें हें न कळणें हा दोष. लोवीनें आकृतींतील फापटपसारा काढला. रँडच्या ढालीवरून मात्र आशयच उचलला गेला.

येथें एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मनुष्य संवयीचा गुलाम असतो. जुनें गेलें कीं त्याला हळहळ वाटते, आणि त्या हळहळीलाच तो रसिकता म्हणतो. ह्याचें उदाहरण 'नासा' ह्या अमेरिकन अंतराळसंस्थेचें. १९५९ सालच्या तिच्या वर्तुळाकार चिन्हांत तारे, कक्षा, पंख आणि अक्षरें ह्यांची गर्दी होती. १९७५ सालीं ती सारी जाऊन केवळ चार तांबडीं, एकाच जाडीचीं, सलग वळणांचीं अक्षरें आलीं. दोन 'ए' मधील आडव्या रेघा काढल्यामुळें तीं उड्डाणास सज्ज यानांसारखीं दिसूं लागलीं. संस्थेंतील पुष्कळांना तें कधीं रुचलें नाहीं, आणि १९९२ सालीं जुनें वर्तुळ परत आलें. पण २०२० सालीं तींच तांबडीं अक्षरें पुन्हां अग्निबाणावर झळकलीं आणि लोकांनीं त्यांचें स्वागत केलें. तेव्हां ओरड हा पुरावा नव्हे आणि मौन हाहि नव्हे. नासाच्या अक्षरांनीं रूढि मोडली, पण गति हें प्रयोजन आणलें. पुढें काळानें त्यांनाहि रूढि दिली. नवें म्हणून नाक मुरडणारांनीं हा दाखला विसरूं नये, आणि मींहि विसरत नाहीं.

आपल्याकडील दाखला घ्यावयाचा तर 'एअर इंडिया'चा घ्यावा. तिचा जन्म मुंबईचा. लवून नमस्कार करणारा तिचा महाराजा १९४६ सालीं बॉबी कूका व चित्रकार उमेश राव ह्यांनीं निर्माण केला, आणि विमानांच्या खिडक्यांभोंवतीं पुढें राजवाड्याच्या झरोक्यांच्या कमानी रंगविल्या गेल्या. विमानाचें तिकीट ज्यानें कधीं काढलें नाहीं, त्यालाहि झरोका कळत असे. २००७ सालीं इंडियन एअरलाइन्सशीं विलीनीकरण झालें तेव्हां उडत्या तांबड्या हंसाच्या अंगांत कोणार्कचें चक्र बसविण्यांत आलें. द्वंद्वसमास व्याकरणांत शोभतो. चित्रांत मात्र दोन्ही पदें अर्धीं राहिलीं. २०२२ सालीं कंपनी पुन्हां टाटांकडे आली आणि २०२३ च्या ऑगस्टांत सोनेरी खिडकीच्या चौकटीचें टोंक हें नवें चिन्ह आलें. त्यामागील कल्पना झरोक्याचीच आहे आणि ती चांगली आहे. पण तो झरोका आहे हें कोणीं सांगितल्यावांचून कळत नाहीं, आणि सांगितल्यावर कळणें हें पाहून कळण्याहून फार वेगळें आहे.

आमच्या त्या बारा पानांच्या पुस्तिकेंत मला काय खुपलें, तें येथें पोंचल्यावर मला सांगतां येतें. काव्यावर भाष्य असावें. परंतु भाष्यावांचून ज्यांतून कांहींच निघत नाहीं, तें काव्य नव्हे. प्रयोजन मुद्रेंत नव्हतें, म्हणून तें पुस्तिकेंत लिहावें लागलें. त्या दोन रेषा कॉलेजाच्याच काय, एखाद्या पतपेढीच्या किंवा दूधसंघाच्या दारावरहि तितक्याच शोभतील. परवां नवीं पाकिटें कार्यालयांत आलीं, तेव्हां तीं कपाटांत रचीत असलेल्या आमच्या वृद्ध शिपायानें एक हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें आणि मला विचारलें, "सर, आपलं झाड कुठं गेलं हो?" परंपरा, प्रगति आणि मोकळी जागा ह्यांपैकीं एकहि शब्द त्या वेळीं माझ्या तोंडून निघाला नाहीं. पारंब्या नीट काढून घेतल्या असत्या, तर काम भागलें असतें, आणि हें समितींत बोलावयास मी मोकळा होतों.

मुद्रेला अंतिम मंजुरी देण्यासाठीं पुढच्या महिन्यांत बैठक आहे. केलेली सही पुसतां येत नाहीं. परंतु भिन्न मताची टीप जोडण्याची सवड नियमांत आहे, आणि ती टीप मीं लिहावयास घेतली आहे.