ह्यूमसच्या आकृतीतला गळलेला दुवा

पालापाचोळा जमिनीवर पडतो, कुजतो आणि त्याचा ह्यूमस होतो. मृदेच्या धड्यातील ही मांडणी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. गोरेगाव (जि. गोंदिया) परिसरात शिकवताना आम्हीही झाड, पान, बाण आणि शेवटी काळी माती अशी आकृती वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. ती मुलांच्या लक्षात राहते. पण तिच्यातला एक महत्त्वाचा दुवा गळलेला आहे.

या आकृतीवरून मुलांचा समज होतो, की पाने कुजून जे उरते तोच ह्यूमस, आणि सूक्ष्मजीव म्हणजे केवळ कुजवणारे मजूर. प्रत्यक्षात जिवाणू व बुरशी वनस्पतींचे अवशेष खातात. त्यातला बराचसा कर्ब श्वसनावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेल्यातून त्यांची स्वतःची शरीरे घडतात. ते मेल्यावर त्यांच्या पेशीभित्तिकांचे तुकडे चिकणमातीच्या कणांना धरून दीर्घकाळ टिकू शकतात. म्हणजे सूक्ष्मजीव हे सेंद्रिय कर्बाचे ग्राहक आहेत तसेच स्रोतही आहेत.

हे ओळखतात कसे? म्युरॅमिक आम्ल जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत असते, वनस्पतीत नसते. लिग्निन वनस्पतीत असते, जिवाणूंत नसते. मातीतील अशा खुणा मोजून कोणाचा वाटा किती, याचा अंदाज बांधता येतो. २०१६ साली कॅलेनबाख, फ्रे व ग्रँडी या संशोधकांनी सेंद्रिय कर्ब नसलेल्या कृत्रिम मातीत सूक्ष्मजीव सोडले. त्यांना साखरेसारखे साधे अन्न दिले, तरी खऱ्या मातीशी साम्य असलेले नानाविध सेंद्रिय पदार्थ तयार झाले. पाचोळा तेथे नव्हताच!

दुसरी त्रुटी ‘ह्यूमिक आम्ला’ची. १७८६ साली आखार्ड यांनी दलदलीतील पीटवर अल्कलीची क्रिया करून काळा पदार्थ वेगळा काढला. पुढे तोच मातीचा मूळ घटक मानला गेला. मृदासूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन (ज्यांना १९५२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल पारितोषिक मिळाले) यांनी ‘ह्यूमस’ या १९३६ च्या ग्रंथात या नामकरणावर आक्षेप घेतला होता. २०१५ मध्ये लेहमान व क्लेबर यांनी तोच आक्षेप नव्या पुराव्यांसह मांडला. आज कृषी केंद्रांत ह्यूमिक आम्लाच्या बाटल्या मिळतात. त्यासाठीचा कच्चा माल बहुधा लिग्नाइटसारखा खनिज पदार्थ असतो. त्याचा उपयोग कोठे होतो, कोठे नाही, हा वेगळा प्रश्न. पण बाटली म्हणजे शेतातला ह्यूमस नव्हे, एवढे तरी शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत कळायला हवे.

मात्र सगळा कर्ब सूक्ष्मजीवांचाच, असे शिकवणेही चूक ठरेल. धानाच्या बांधीत पाणी साचते, मातीत ऑक्सिजन कमी पडतो. लिग्निन चांगले फोडणाऱ्या बुरशींना ऑक्सिजन लागतो. त्यामुळे तेथे वनस्पतींचे अवशेष अधिक टिकतात. चीनमध्ये भातखाचरांची कोरडवाहू शेतांशी तुलना केली, तेव्हा खाचरांत लिग्निनचा वाटा अधिक आढळला. सर्वत्र एकच आकृती चालवून आपण हा फरक पुसून टाकतो. मृदा आरोग्य पत्रिकेतही सेंद्रिय कर्बाचा एकच आकडा असतो. तो कर्ब कोठून आला, हे त्यावरून कळत नाही.

तेव्हा आकृतीबरोबर एक प्रयोग जोडावा. वाळलेली तणस समान वजनाने नायलॉन जाळीच्या पिशव्यांत भरा. काही पिशव्या बांधीत, काही धुऱ्यावर सारख्याच खोलीवर पुरा. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणची एक पिशवी काढून, माती धुऊन, वाळवून तोला. मग मुलांना विचारा: कमी झालेले वजन कुठे गेले? ‘मातीत गेले’ एवढ्यावर थांबू नका. काही हवेत गेले (बांधीतून मिथेनच्या रूपानेही), आणि काही सूक्ष्मजीवांच्या शरीरात. फळ्यावर पान आणि माती यांच्यामध्ये सूक्ष्मजीव काढा, त्यांच्यापासून मातीकडे एक बाण आणि हवेकडे दुसरा. पानापासून थेट मातीकडे जाणारा जुना बाण पुसू नका. बांधीत तो अजून लागतो.