नाव विकत मिळतं, नियम नाही

‘ई.टी.’ सिनेमाच्या हक्कांसाठी अटारीने कोट्यवधी डॉलर मोजले आणि १९८२मध्ये पाचेक आठवड्यांत गेम उरकला. सिनेमाचा जीव होता घरची ओढ. गेममध्ये उरलं काय? फोनचे तुकडे शोधत खड्ड्यात पडा, वर या, पुन्हा पडा.

याउलट ‘एलियन : आयसोलेशन’ (२०१४). गोष्ट नवी, नायिका रिप्लीची मुलगी. तरी मला हा गेम १९७९च्या सिनेमाचा सख्खा वाटतो, कारण सिनेमाचा नियम त्याने पाळलाय : या प्राण्यापुढे आपली शस्त्रं चालत नाहीत. आगीने तो जरा मागे हटतो, एवढंच. आपण कपाटात दडायचं.

पैसा आणि रूपांतर यांचा संबंध किती थोडा, हे पाहायला मला जळगावहून फार लांब जावं लागत नाही. धुळ्याच्या पुढे आग्रा रोडवर मालेगाव. तिथे नासिर शेख यांनी जुजबी पैशांत ‘सुपरमॅन’ उभा केला. यंत्रमागावरचा काटकुळा शफीक हिरव्या पडद्यापुढे उडाला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ते दिसतं. हॉलिवूडचा थाट गेला, पण साध्या दिसणाऱ्या माणसानं उडायचं, हा नियम सुटला नाही.

उद्या खानदेशातलं एखादं पोर सिनेमावरून गेम बनवेल. त्यानं आधी एवढंच विचारावं : यातलं काय खेळणाऱ्याच्या हातांना कळेल?