भयकथेची गोडी

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान अडकली. चोहोबाजूंनी पाणी आणि डब्यांत शेकडो प्रवासी! त्या भयाची गोडी कोणालाही वाटली नसेल. तरीही याच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात, पावसाळी रात्री दिवे गेले की मुले भुताच्या गोष्टीचा हट्ट धरतात. एक भय नकोसे आणि दुसरे हवेसे, असे का व्हावे?

भरताच्या नाट्यशास्त्राने भयानक हा स्वतंत्र रस मानला आहे. रंगभूमीवरील संकट आपल्यावर गुदरत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. पुस्तक मिटता येते, पूर मिटता येत नाही. परंतु एवढे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. निव्वळ सुरक्षितताच हवी असती, तर भयकथा हाती घेण्याचे कारणच उरले नसते. आपल्या मनात मृत्यूचे, एकाकीपणाचे, स्वतःच्याच दुष्ट वासनांचे अनामिक भय दडलेले असते. भयकथा त्याला रूप देते, आणि रूप मिळालेल्या भयाकडे निदान पाहता तरी येते.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’ कथांत दुष्ट शक्तीचा सामना करणारा कोणीतरी असतो. वाचकाला त्याचा आधार वाटतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांतील भय बरेचदा माणसाच्या मनातूनच उगवते. तेथे असा आधार सहजी मिळत नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात हस्तर भयंकर आहेच. पण त्याहून भयंकर आहे तो पोटच्या मुलाला सुवर्णमुद्रांच्या लोभाची दीक्षा देणारा बाप. अखेरीस मुलगा त्या मुद्रा नाकारतो. मुलांसाठी आपण कोणता वारसा ठेवणार, हा प्रश्न त्या नकारातून प्रत्येक पालकापुढे उभा राहतो.

याउलट, केवळ दचकवण्यासाठी रचलेली कलाकृती चित्रपटगृहाच्या दारातच विसरली जाते. आम्हां ख्रिस्ती वाचकांचा आणखी एक आक्षेप आहे. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीत क्रूस रक्तपिपासूला पळवून लावतो. पुढे असंख्य चित्रपटांनी तीच युक्ती उचलली. क्रूस ताईत नव्हे. प्रेमापोटी पत्करलेल्या मरणाची ती खूण आहे. तिचे जादूच्या वस्तूत रूपांतर झाले, की श्रद्धेची जागा अंधश्रद्धा घेते.

म्हणून मुलांच्या हातून अशी पुस्तके हिसकावून घेऊ नयेत. वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलावे. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) वादळी रात्री पाण्यावरून चालत येणाऱ्या येशूलाच शिष्य भूत समजतात आणि ओरडतात. भयाने माणसाची ओळखच चुकते. नेमके कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, एवढा विवेक ज्या कथेतून मिळतो, ती भयकथा घरात अवश्य असावी.