चिकटवलेले आणि मुरलेले

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने हौशी चित्रकारांचे प्रदर्शन भरवले होते. बहुतेक चित्रे तैलरंगातली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चित्रांत रंगाखेरीज आणखी काहीतरी होते. कुठे पैठणीचा काठ, कुठे फुटक्या बांगड्या, कुठे तांदूळ, कुठे जुन्या एरोग्रामचे तुकडे. एका आजोबांनी मोठ्याने विचारले, "हे चित्र आहे की भरतकाम?" त्यांच्या नातीने तितक्याच मोठ्याने उत्तर दिले, "आबा, मॉडर्न आर्ट आहे ते!" समितीने मला या प्रदर्शनाचे परीक्षण लिहायला सांगितले आणि जाता जाता बजावले, "लिहा, पण कोणाला दुखवू नका."

तेव्हा सुरुवात माझ्याच एका चित्रापासून करतो. त्याने दुखावेल असे कोणी नाही.

फार वर्षांपूर्वी गुहागरच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू मी फिल्मच्या डबीत भरून आणली. इथे आल्यावर समुद्राचे चित्र काढले आणि रंग ओला असतानाच किनाऱ्याच्या जागी त्यातली वाळू भुरभुरली. पाहुण्यांना मी अभिमानाने सांगत असे, "ही खरी गुहागरची बरं का!" वर्षभरात ती गळायला लागली. सोफा झटकताना सौभाग्यवती म्हणायची, "तुमचं कोकण आज पुन्हा सोफ्यावर उतरलंय."

वाळू का गळली, याचे उत्तर सोपे आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. जाड थराला वरून साय धरते आणि आतला रंग महिनोन् महिने मऊ राहतो. वरून भुरभुरलेला कण त्या सायीवर नुसता बसतो, रुजत नाही. शिवाय समुद्राची वाळू मी धुतली नव्हती, त्यामुळे तिच्यातले मीठ तसेच राहिले होते. वाळू धुऊन, वाळवून रंगातच कालवायला हवी होती, आणि तेवढे वजन पेलायला ताणलेल्या कॅनव्हासऐवजी फळी घ्यायला हवी होती.

पण वाळू टिकली असती तरी चित्र फसलेलेच होते, हे कळायला मला बराच काळ लागला. किनाऱ्याच्या जागी मी वाळू लावली होती. म्हणजे वाळूने वाळूचेच सोंग घेतले होते. ती गुहागरची आहे ही गोष्ट माझ्या तोंडात होती, चित्रात नव्हती. मी दिवाणखान्यात नसलो की ती कुठल्याही किनाऱ्याची वाळू होती.

या खटाटोपाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९१२ मध्ये पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीचा तुकडा चिकटवला आणि चौकट म्हणून भोवती खरा दोर गुंडाळला. गंमत अशी, की तो वेत खरा नव्हताच. वेताची वीण छापलेले ते मेणकापड होते. खरी वस्तू आणून तिनेच खोटे बोलायचे, असा तो डाव होता. त्याचा मित्र ब्राक हा घरे रंगवणाऱ्याचा मुलगा. लाकडाच्या रेषांची नक्कल कशी करायची, हे तो वडिलांच्या धंद्यात शिकला होता. त्याने रंगात वाळू आणि लाकडाचा भुसा कालवला. कारण साधे होते: वाळूवर पडलेला निळा आणि गुळगुळीत पृष्ठावरचा निळा हे एकच निळे राहत नाहीत. खरखरीत पृष्ठावर बारीक सावल्या पडतात आणि रंगाचा स्वभावच बदलतो. आपल्याकडे 'पोत' हा शब्द कापडाच्या विणीसाठी वापरतात. पोत वरून चढवता येत नाही, तो विणीतच असावा लागतो, हे त्या शब्दातच आले आहे.

न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात रॉबर्ट राउशेनबर्गचे १९५५ मधले 'बेड' आहे. उशी, चादर आणि ठिगळांची रजाई लाकडी चौकटीवर ताणून वर रंग ओघळवलेला, आणि सगळा बिछाना भिंतीवर उभा टांगलेला. गोधडीत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. बिछाना उभा पाहिला की अंगावर काटाच येतो, कारण आपण बिछाना उभा पाहतो तो घरात काही बिनसलेले असले की. ते काम नुसत्या रंगाला जमले नसते. याच चित्रकाराच्या १९५९ मधल्या 'कॅन्यन'मध्ये पेंढा भरलेला गरुड आहे, तोही अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. कायद्याने तो विकता येत नाही. मालकीणबाई २००७ मध्ये वारल्यावर वारसांच्या तज्ज्ञांनी त्याची किंमत शून्य धरली, तर करखात्याने साडेसहा कोटी डॉलर. अखेर २०१२ मध्ये चित्र त्याच संग्रहालयाला देऊन तडजोड झाली. चित्रात गेल्यावरही गरुड गरुडच राहिला, आणि त्याचा कायदाही त्याच्याबरोबर आला!

आपल्याला आणखी जवळचा माणूस म्हणजे मोहन सामंत. मुंबईचे, जे. जे.मध्ये पळशीकर मास्तरांचे विद्यार्थी, सारंगी वाजवणारे. १९५९ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यू यॉर्कला आले, १९६८ पासून तिथेच स्थायिक झाले आणि २००४ मध्ये तिथेच वारले. त्यांचे १९६३ मधले 'ग्रीन स्क्वेअर' याच म्युझियमच्या संग्रहात आहे: तैलरंग, कृत्रिम राळेचा रंग आणि वाळू. त्या काळातली त्यांची चित्रे पाहताना जुन्या भिंतीसमोर उभे राहिल्यासारखे वाटते. गुहेतली चित्रे, इजिप्तची चित्रलिपी, जैन पोथ्या यांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता. पण चित्रात यांतले काहीही आणून चिकटवलेले दिसत नाही. वाळू कुठली, असा प्रश्नही पडत नाही. पुढे त्यांनी तारांची रेखाटने, कागदाचे कातरकाम, प्लॅस्टिकची खेळणीसुद्धा चित्रात घेतली. तरी 'मी भारतीय आहे' अशी चिठ्ठी त्यांनी चित्राला लावली नाही. आपल्या लोकांत त्यांचे नाव फारसे निघत नाही, याचे एक कारण तेही असावे. आपल्याला ओळखीची चिठ्ठी लागते.

आता आपल्या प्रदर्शनाकडे येतो. पैठणीच्या काठाचे चित्र सगळ्यांना आवडले. काठ सुंदरच होता, पण ते श्रेय विणकराचे. चित्रातल्या बाईच्या साडीला तो काठ लावला होता, म्हणजे माझ्या वाळूचीच चूक. त्यातून रेशमाला जवसाचे तेल थेट लागले आहे. तेलाने कापड कालांतराने ठिसूळ होते. म्हणून तर कॅनव्हासला आधी सरस लावतात. आईची आठवण जपायची म्हणून तो काठ कापला असेल, तर तिथे तो आधी नासेल. हे सांगताना मला वाईट वाटते, पण न सांगणे जास्त वाईट.

उलट कोपऱ्यात एक लहान चित्र होते, तिथे फारसे कोणी थांबले नाही. बासमती तांदळाच्या पोत्याचा गोणपाट फळीवर ताणून त्यावर बर्फाने भरलेला ड्राइव्हवे काढला होता. दाट पांढऱ्या रंगातून गोणपाटाची वीण अशी वर येत होती, की बर्फाखालचा डांबरी रस्ताच दिसावा. छापील अक्षरे अर्धी गाडलेली, आणि शिवणीच्या जागी क्षितिज. गोणपाट म्हटले की आल्बेर्तो बुर्री आठवतो. इटालियन लष्करातला हा डॉक्टर १९४३ मध्ये पकडला गेला आणि टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रे काढू लागला. हाताशी असलेला गोणपाटच त्याने घेतला. १९४६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्याने डॉक्टरकी सोडली. आपल्या मंडळातल्या डॉक्टरमंडळींनी घाबरू नये, एवढे टोक गाठायची गरज नाही.

पण त्या लहान चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. इथला हिवाळा आणि आपले पोते यांपैकी कोण कोणाला चिकटवले आहे, हे सांगता येत नव्हते. लोणचे मुरले की फोड आणि खार वेगळे काढता येत नाहीत, तसे काहीसे. आपण इथे इतकी वर्षे राहिलो, ते चिकटून राहिलो की मुरलो, हा प्रश्नही तिथे उभ्याउभ्या मनात आला.

पुढच्या वर्षी भाग घेणाऱ्यांना एकच विनंती. वस्तू लावण्यापूर्वी ती क्षणभर झाकून पाहा. चित्राचे काही बिघडत नसेल, तर ती आपल्या कपाटातच बरी.

समुद्राचे चित्र मी भिंतीवरून काढले. डबीत उरलेली वाळू मात्र धुऊन, वाळवून ठेवली आहे. ती कशात कालवायची, ते अजून सुचलेले नाही.