साधा मजकूर किती साधा?

आशय आणि रूप वेगळे करता येतात का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. २००४ साली जॉन ग्रुबर यांच्या मार्कडाउनने त्याला व्यवहारापुरतं ‘होय’ असं उत्तर दिलं: लिहायचं साधंच, शीर्षकाआधी एक खूण टाकायची, सजावट नंतर. २००६ मध्ये पॅनडॉक आलं. ते लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, बरं का! एकाच फाइलीतून वेबपान, पीडीएफ, ई-पुस्तक, सगळं निघू लागलं.

आमचा आक्षेप ‘साधा’ या शब्दाला आहे. ग्रुबर यांच्या नियमांत फटी होत्या. यादीतली पोटयादी किती जागा सोडून लिहायची, याचा अर्थ प्रत्येक प्रोग्रॅम आपापला लावी. म्हणून मॅकफार्लेन आणि इतरांना २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ हे काटेकोर नियम मांडावे लागले. म्हणजे साधेपणाही करारावरच उभा असतो.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. युनिकोडपूर्व फॉन्टांतला आपला मजकूर, तो फॉन्ट नसला की, रोमन अक्षरांची खिचडी होतो. तिथे ‘क’ साठवलेलाच नव्हता, फक्त त्याचं चित्र दिसत होतं.

तेव्हा साधन शेवटी निवडावं. आधी ठरवावं: मजकूर युनिकोडमध्ये, नियम एकच आणि लिहून ठेवलेले, दुरुस्ती फक्त मूळ फाइलीत. पीडीएफमध्ये परस्पर सुधारलेली चूक पुढच्या आवृत्तीत परत येणारच. शिस्त सॉफ्टवेअर देत नाही. ती आपणच पाळायची असते.