आडनावाचे श्रेय : ‘अंतःस्फोट’मधील एका लेखाविषयी

कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांची चर्चा निघाली म्हणजे त्याचा उल्लेख हटकून होतो. परंतु तो बहुधा सामाजिक व्यथेचा पुरावा म्हणून. त्यातील संस्कृतच्या अध्ययनाविषयीचा लेख हा विद्यापीठीय व्यवसायाची चिकित्सा करणारा लेख आहे, ही गोष्ट आपण अध्यापक मंडळींनी सोयीस्करपणे नजरेआड केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

लेखाचा आरंभ मोठा मार्मिक आहे. महार जातीत जन्मलेली स्त्री संस्कृत शिकविते, याचे लोक कौतुक करतात आणि त्या कौतुकानेच लेखिका व्यथित होते. कौतुक ज्या गोष्टीचे व्हावयाचे ती विद्वत्ता बाजूस राहते. उरते ते केवळ नवल. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली, हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे या नवलामागचे वजन कळते.

व्यक्तिचित्रांत लेखिकेची शक्ती विशेष दिसते. सनातनी वळणाचे गोखले गुरुजी तिला मनःपूर्वक संस्कृत शिकवितात. उलट पदव्युत्तर विभागाचे नामांकित, वेशाने आधुनिक असलेले प्रमुख तिच्या संस्कृत शिकण्याने अस्वस्थ होतात. ‘जुने ते प्रतिगामी, नवे ते उदार’ हे आपले सुटसुटीत समीकरण येथे कोलमडते. पुढे पदवी हाती असूनही नोकरी मिळत नाही. उच्च मानलेल्या जातीतील तरुणाशी विवाह होऊन सोमकुवर या आडनावाच्या जागी पावडे हे आडनाव येते, आणि मग शासकीय महाविद्यालयात नेमणूक होते. या नेमणुकीचे श्रेय लेखिका आपल्या ज्ञानास देत नाही, नव्या आडनावास देते. यशाच्या क्षणीच यशाचा ताबा सोडण्याचे हे धैर्य आपल्या आत्मचरित्रांत विरळा आहे.

या ठिकाणी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषींचे स्मरण होते. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९८६ साली अशा समाजशास्त्रज्ञांचे स्थान सांगताना गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणीचा दाखला घेतला : ती घरात असते, पण घरची नसते. बेल हुक्स यांनी १९९४च्या ‘टीचिंग टू ट्रान्सग्रेस’मध्ये वर्गातील सत्तेचा प्रश्न याच अनुभवाच्या अंगाने मांडला. साम्य उघड आहे. मला भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे वर्ण नावाच्या आधी बोलतो, आणि तो विवाहाने बदलत नाही. आपल्याकडे नावच बोलते. म्हणून पावडे यांना दार उघडले गेले, पण ज्या सोमकुवर मुलीने व्याकरण घोकले ती बाहेरच राहिली. ही क्रूरता अधिक सूक्ष्म आहे.

लेखाबद्दल एक तक्रार मात्र आहे. तो नेमणुकीपाशी थांबतो. मीरा-भाईंदरच्या आमच्या वर्गात, जेथे कोकणापासून उत्तर प्रदेशापर्यंतची आडनावे एका बाकावर बसतात, तेथे हा लेख वाचून होताच एका विद्यार्थिनीने विचारले, “पण बाई वर्गात उभ्या राहिल्यावर काय झाले?” प्रश्न रास्त आहे. विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांच्या खोलीतील संभाषण, कोणता विषय कोणाकडे सोपवावयाचा यातील संकेत, यांविषयी हा लेख जवळजवळ काही सांगत नाही. बेल हुक्स नेमक्या तेथूनच लिहावयास आरंभ करतात. शर्मिला रेगे यांनी २००६च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दलित स्त्रियांच्या कथनांकडे ज्ञाननिर्मिती म्हणून पाहावयास शिकविले; तरी मराठीत अध्यापनाच्या या अंगाची समीक्षा अद्याप तुरळकच आहे.

कुमुद पावडे २०२३ साली निवर्तल्या. आमच्या वर्गाने पुढील सत्रासाठी तो लेख पुन्हा घेतला आहे. या वेळी आरंभ त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून होईल.