मार्गारेट कॅचपोलचे दोन मृत्यू

मार्गारेट कॅचपोल दोनदा मेली. एकदा १३ मे १८१९ रोजी, न्यू साउथ वेल्समधल्या रिचमंड गावी. दुसऱ्यांदा १८४१ साली, कादंबरीत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बँकेत खतावणी लिहिताना एक सवय लागली, की दोन आकडे जुळेनात तर दोन्हींच्या मुळाशी जायचे. या बावीस वर्षांच्या फरकापायीच मी या बाईच्या मागे लागलो.

आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान आणि राजबंदी आठवतात. पण इंग्रजांनी आधी स्वतःच्याच गरिबांना समुद्रापार धाडले होते. १७८८ पासून ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या अशा कैद्यांत सुमारे २५ हजार स्त्रिया होत्या. सफोकमधली मार्गारेट त्यांपैकी एक. इप्सविचच्या जॉन कॉबोल्ड या मद्यउत्पादकाच्या घरी ती मुले सांभाळी, स्वयंपाकात मदत करी. लिहायला-वाचायला तिथेच शिकली. नोकरी सुटल्यावर १७९७ च्या मे महिन्यात तिने त्याच घरचा घोडा चोरला आणि सुमारे ७० मैल दौडत लंडन गाठले. फाशीची शिक्षा झाली, ती सात वर्षांच्या हद्दपारीवर आली. १८०० साली कपडे वाळत घालायच्या दोरीने ती तुरुंगाची २२ फुटी भिंत ओलांडून पळाली, पकडली गेली, पुन्हा फाशी आणि मग आजन्म हद्दपारी. डिसेंबर १८०१ मध्ये ती सिडनीला उतरली.

कादंबरी १८४५ ची. लेखक रेव्हरंड रिचर्ड कॉबोल्ड, म्हणजे ज्या घरचा घोडा चोरीला गेला त्याच घरचा मुलगा. कथेचा मुख्य भाग खरा असल्याची ग्वाही त्याने प्रस्तावनेत दिली. त्याच्या कथेत मार्गारेट घोडा चोरते आणि तुरुंग फोडते ते विल लॉड या तस्कर प्रियकरासाठी. पुढे पश्चात्ताप, प्रतिष्ठित वसाहतदाराशी लग्न, मुलेबाळे. प्रेमात आंधळी झाली म्हणून क्षम्य, आणि लग्न झाले म्हणून शुद्ध! कादंबरी लोकप्रिय झाली आणि हीच मार्गारेट खरी मानली गेली.

आता तिची पत्रे पाहू. ती सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहेत. विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहिलेले. त्यांत नवरा नाही. एकाने मागणी घातली होती, पण आपल्याला लग्न करायचे नाही असे ती सरळ कळवते. तिथे आहे ते काम: मोठ्या सरकारी अधिकाऱ्याच्या घरी स्वयंपाक, मग सुईणपण, खंडाने घेतलेली छोटी शेती, शेळ्या-मेंढ्या. हॉक्सबरी नदीच्या १८०६ च्या पुराचे तिचे वर्णन आज इतिहासकार प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणून वाचतात.

पण म्हणून पत्रे म्हणजे निखळ सत्य, असे मी म्हणणार नाही. यांतली महत्त्वाची पत्रे तिने जुन्या मालकिणीला, एलिझाबेथ कॉबोल्डला लिहिली. मालकिणीकडून दयेची आणि मदतीची आशा असलेली बाई आपले वर्तन चांगलेच दाखवणार. तेव्हा सद्‌वर्तनाच्या ग्वाह्या जपून घ्याव्यात. पूर, पिके, जनावरे यांबद्दल मात्र खोटे लिहून तिचा काहीच फायदा नव्हता. आणि लग्नाला दिलेला नकार तर मालकिणीला रुचावा असाही नव्हता. म्हणून माझा त्यावर अधिक विश्वास बसतो.

ही पत्रे रिचर्डच्या आईलाच आलेली. त्याने ती कादंबरीत वापरलीही, पण भाषा सुधारून. शुद्धलेखनाबरोबर आयुष्यही दुरुस्त झाले. नवऱ्यावाचून, मुलांवाचून कष्टाने उभी राहिलेली बाई त्याच्या वाचकांना पुरी पडली नसती, असे त्याला वाटले असावे.

१८१४ साली तिला माफी मिळाली. पण ती इंग्लंडला परतली नाही. एका आजारी मेंढपाळाची शुश्रूषा करताना तिला इन्फ्लुएन्झा झाला आणि त्यातच ती गेली. दोन मृत्यूंपैकी मी हा धरतो. तो नोंदीत आहेच. शिवाय तिच्या पत्रांतल्या बाईला तोच शोभतो.